बारा नाणी, एक खोटं, तीनदाच तोलायचं: पहिलं पारडं झुकलं की पुढे अडतं

चौकोनी_वही (प्रश्न)

बारा नाणी, दिसायला हुबेहूब सारखी. त्यातलं एक खोटं. ते खऱ्यापेक्षा जड आहे की हलकं हे सांगितलेलं नाही. दोन पारड्यांचा साधा तराजू आहे, वजनं नाहीत. तीनदाच तोलून खोटं नाणं कोणतं आणि ते जड की हलकं, दोन्ही सांगायचं.

आठवीच्या मुलांपुढे हे मांडायचं आहे, त्यामुळे पाठ केलेलं उत्तर उपयोगाचं नाही, त्यामागचं कारण हवं आहे. नऊ नाण्यांचं सोपं रूप मुलांना येतं. त्यात खोटं जड आहे हे आधीच माहीत असतं, म्हणून तीन-तीन-तीन असे गट करून दोनदा तोललं की काम होतं. बाराच्या कोड्यात पहिल्यांदा १ ते ४ डावीकडे आणि ५ ते ८ उजवीकडे ठेवली. दांडी सरळ राहिली तर खोटं ९ ते १२ मध्ये, आणि तिथून पुढचं निघतं. पण डावं पारडं खाली गेलं तर? दुसऱ्या वेळी १, २ विरुद्ध ३, ४ तोलली. एखादी बाजू झुकली तर उत्तर मिळतं. दांडी सरळ राहिली तर मात्र ५ ते ८ पैकी एक हलकं एवढंच कळतं आणि हातात एकच तोलणं उरतं. एकदा तोलून चारातलं एक निघत नाही.

चूक नेमकी कुठे होते? सुरुवात चार-चारनेच का करायची, सहा-सहाने का नाही? आणि कुठे १२ ही मर्यादा दिलेली दिसते, कुठे १३, त्यातलं खरं काय? शक्य असेल तर खरा तराजू वापरून दाखवायचं आहे, त्याबद्दलही सांगा.

दांडी_सरळ

नाणी मोजू नका, शक्यता मोजा. बारापैकी कोणतंही नाणं खोटं असू शकतं आणि ते जड किंवा हलकं असू शकतं, म्हणजे एकूण २४ शक्यता. तराजू दर वेळी तीनच गोष्टी सांगू शकतो: डावं खाली, उजवं खाली, दांडी सरळ. तीन तोलण्यांची ३ × ३ × ३ = २७ वेगवेगळी उत्तरं होतात. २४ शक्यता २७ खणांत मावतात, म्हणून कोडं सुटण्याची आशा आहे.

हाच हिशेब मधल्या प्रत्येक पायरीला लावायचा. पहिल्या तोलण्यानंतर ९ पेक्षा जास्त शक्यता उरल्या तर खेळ संपला, कारण पुढच्या दोन तोलण्यांना ९ च उत्तरं आहेत. दुसऱ्यानंतर ३ पेक्षा जास्त उरल्या तरी संपला.

आता तुमची चूक पाहा. डावं पारडं खाली गेल्यावर ८ शक्यता उरतात: १, २, ३, ४ पैकी एक जड, किंवा ५, ६, ७, ८ पैकी एक हलकं. तुम्ही १, २ विरुद्ध ३, ४ तोललं तेव्हा त्या आठांचे गट २, २ आणि ४ असे पडले. चाराचा गट तीन खणांत बसत नाही. आपल्याला ३, ३, २ अशी वाटणी हवी. पाच ते आठ ही चारही नाणी एकदम खाली उतरवून ठेवली, तिथेच घात झाला.

वाटणी कशी करायची हे मुलांना फळ्यावर असं दाखवा. दुसऱ्या तोलण्याच्या वेळी पारड्यातल्या प्रत्येक नाण्याचं तीनपैकी एक काहीतरी होतं. ते आहे त्याच पारड्यात राहतं, समोरच्या पारड्यात जातं, किंवा बाहेर निघतं. आता दांडी आधीसारखीच झुकली तर खोटं नाणं जागेवर राहिलेल्यांत आहे. झुकाव उलटला तर ते पारडं बदललेल्यांत आहे. दांडी सरळ झाली तर बाहेर काढलेल्यांत. बाराच्या कोड्याचा सगळा जीव या तीन वाक्यांत आहे, आणि मुलांना एकदा हे दिसलं की उरलेली मांडणी ती स्वतःच शोधतात.

म्हणजे आठ नाण्यांपैकी तीन जागेवर ठेवायची, दोन पलटायची, तीन बाहेर काढायची. उदाहरणार्थ, १, २ आणि ६ जागेवर. ३ आणि ५ पारडं बदलतील. ४, ७, ८ बाहेर. आता डावीकडे १, २, ५ आणि उजवीकडे ३, ६ झाली. उजवीकडे एक नाणं कमी पडतं, तिथे ९ ठेवा, ते खरं आहे हे पहिल्याच तोलण्यात ठरलेलं आहे.

डावं पुन्हा खाली गेलं: १ जड, २ जड किंवा ६ हलकं. १ आणि २ समोरासमोर तोला. खाली जाईल ते जड, दांडी सरळ राहिली तर ६ हलकं.

उजवं खाली गेलं: ३ जड किंवा ५ हलकं. ३ ला ९ समोर तोला. ३ खाली गेलं तर तेच जड, नाहीतर ५ हलकं.

दांडी सरळ: ४ जड, ७ हलकं किंवा ८ हलकं. ७ आणि ८ समोरासमोर तोला. वर जाईल ते हलकं, सरळ राहिली तर ४ जड.

पहिल्या वेळी दांडी सरळ राहिली असेल तर ९, १०, ११ विरुद्ध १, २, ३ तोला. झुकली तर तीनपैकी एक खोटं आणि ते जड की हलकं हेही कळलं, मग ९ विरुद्ध १०. सरळ राहिली तर खोटं १२, ते १ समोर ठेवून जड की हलकं ते पाहा.

सुरुवातीचं उत्तर त्याच हिशेबातून येतं. सहा-सहा ठेवली तर दांडी झुकणारच, आणि १२ शक्यता उरतील, त्या ९ मध्ये मावत नाहीत. पाच-पाच ठेवून दांडी झुकली तर १० उरतात, तरी एक जास्त. तीन-तीन ठेवून सरळ राहिली तर बाहेर सहा नाणी, म्हणजे पुन्हा १२. चार-चारमध्ये तिन्ही निकालांना बरोबर ८-८-८. दुसरी कोणतीही सुरुवात चालतच नाही.

बाजूला_बरोबर

वरचं उत्तर अचूक आहे. त्यात दुसऱ्यांदा काय ठेवायचं हे पहिल्या निकालावर ठरतं. पण तिन्ही तोलण्यांची मांडणी आधीच कागदावर लिहून ठेवता येते, निकाल काहीही लागो. वर्गात ही पद्धत जास्त रंगते, कारण तोलणारा गट आणि उत्तर सांगणारा गट वेगळा ठेवता येतो. नाण्यांना तीन चिन्हांची नावं देण्याची ही रीत पुढे भौतिकशास्त्रज्ञ म्हणून नाव झालेल्या फ्रीमन डायसन यांनी १९४६ साली ‘मॅथेमॅटिकल गॅझेट’मध्ये मांडली. ते अंकांनी लिहितात, मराठीत अक्षरं छान बसतात.

ड म्हणजे डावं, उ म्हणजे उजवं, ब म्हणजे बाजूला. प्रत्येक नाण्याचं नाव तीन अक्षरी, आणि ते नाव म्हणजेच तीन तोलण्यांतली त्याची जागा. बारा नावं अशी:

१: ड ब ड
२: ड ब ब
३: ड ब उ
४: ब उ ड
५: ब उ ब
६: ब उ उ
७: उ ड ड
८: उ ड ब
९: उ ड उ
१०: ड ड ब
११: ब ब उ
१२: उ उ ड

यावरून मांडणी:

पहिलं तोलणं: १, २, ३, १० विरुद्ध ७, ८, ९, १२
दुसरं: ७, ८, ९, १० विरुद्ध ४, ५, ६, १२
तिसरं: १, ४, ७, १२ विरुद्ध ३, ६, ९, ११

आता निकालही तीन अक्षरांत लिहा: डावं खाली गेलं तर ड, उजवं खाली गेलं तर उ, दांडी बरोबर राहिली तर ब. निकालाचा शब्द एखाद्या नाण्याच्या नावाशी जुळला तर ते नाणं जड. जुळला नाही तर ड आणि उ यांची अदलाबदल करा, मग जे नाव जुळेल ते नाणं हलकं.

निकाल ‘उ ब ड’ आला असं समजा. या नावाचं नाणं नाही. अदलाबदल केली की ‘ड ब उ’, म्हणजे ३ नंबरचं, आणि ते हलकं. पडताळून पाहा: पहिल्या वेळी ३ डावीकडे होतं, हलकं असल्याने उजवं खाली गेलं. दुसऱ्या वेळी ते बाहेर, दांडी सरळ. तिसऱ्या वेळी उजवीकडे, म्हणून डावं खाली.

ही नावं कुठून आली? ड, ब, उ ही अक्षरं घड्याळाच्या क्रमाने गोल मांडा: ड नंतर ब, ब नंतर उ, उ नंतर पुन्हा ड. नाव डावीकडून वाचत जा आणि अक्षर पहिल्यांदा कुठे बदलतं ते पाहा. तो पहिला बदल या क्रमाने झालेला असेल तरच ते नाव घ्यायचं. ‘ड ब उ’ चालेल, ‘ड उ ब’ चालणार नाही. ड आणि उ यांची अदलाबदल केली की गोलाची दिशा उलटते, म्हणून घेतलेल्या नावाचा उलटा जोडीदार यादीत कधीच येत नाही आणि जड-हलक्याचा घोटाळा होत नाही. शिवाय पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या जागी ड चार वेळा आणि उ चार वेळाच येतो, पारड्यांत नाणी आपोआप समसमान. मुलांना आयती यादी देऊ नका, हा नियम द्या आणि बारा नावं त्यांच्याकडूनच काढून घ्या.

दांडी_सरळ

तेराबद्दल. दोन्ही आकडे खरे आहेत, कारण प्रश्न दोन वेगळे आहेत. खोटं नाणं कोणतं आणि ते जड की हलकं, दोन्ही हवं असेल तर मर्यादा १२. फक्त कोणतं एवढंच हवं असेल तर १३.

तेराच्या २६ शक्यता २७ खणांत मावायला हव्यात असं वाटतं. पण पहिल्या तोलण्यात दोन्ही पारड्यांत सारखीच नाणी ठेवावी लागतात. दांडी झुकल्यावर जितकी नाणी पारड्यांत होती तितक्या शक्यता उरतात, म्हणजे ही संख्या नेहमी सम. ९ विषम आहे, त्यामुळे झुकलेल्या प्रत्येक निकालात जास्तीत जास्त ८ च घेता येतात. चार-चार ठेवली तर बाहेर पाच नाणी, म्हणजे १० शक्यता, आणि तिथे फुटतं. पाच-पाच ठेवली तर झुकल्यावर १०.

जड की हलकं हे सांगण्याची अट सोडली तर त्या बाहेरच्या पाचांतलं एक नाणं शेवटपर्यंत पारड्यात न ठेवताही चालतं. तिन्ही वेळा दांडी सरळ राहिली तर खोटं तेच, फक्त त्याचा स्वभाव कळत नाही.

आणि तेरांखेरीज एक नक्की खरं नाणं हाताशी असेल तर तेरा नाण्यांतही दोन्ही सांगता येतं. पहिल्या वेळी एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला चार आणि ते खरं. आता झुकल्यावर ९, सरळ राहिल्यावर चार नाण्यांच्या ८. सम-विषमाची अडचण त्या एका नाण्याने दूर होते.

तीन, चार, पाच तोलण्यांसाठी आकडे हवे असतील तर: स्वभाव आधीच माहीत असेल तर २७, ८१, २४३. स्वभावही शोधायचा असेल तर १२, ३९, १२०. म्हणजे तीनाचा तितकावा घात, त्यातून तीन वजा, त्याचं निम्मं.

पासंग

प्रत्यक्ष करून दाखवण्याबद्दल. कोडं कागदावर सुटतं आणि टेबलावर फसतं, आणि दर वेळी कारण तराजूचंच असतं.

आधी नाणी. नुसती नाणी ठेवली तर मुलं आकारावरूनच ओळखतात, म्हणून रिकाम्या काडेपेट्या घ्या आणि आत नाणं कापसात घट्ट बसवा, हलवल्यावर आवाज यायला नको. खऱ्यासाठी पाच रुपयांचं पातळ नाणं, ६ ग्रॅमचं. जड खोट्यासाठी पाचाचंच जुनं जाड, तांबं-निकेलचं, ते ९ ग्रॅमचं. हलक्या खोट्यासाठी २०११ च्या मालिकेतला एक रुपया, ३.७९ ग्रॅम. पाचाची नाणी गोळा करताना २०१९ नंतरच्या मालिकेतलं नाणं मिसळू देऊ नका, ते ६.७४ ग्रॅमचं आहे आणि नकळत दुसरं खोटं नाणं तयार होतं. रिकाम्या काडेपेट्याही भरण्याआधी आपसांत तोलून घ्या. एका पेटीतला फरक क्षुल्लक वाटतो, पण चार-चार पेट्या ठेवल्यावर तो साचतो.

तराजू शाळेच्या प्रयोगशाळेतला मिळाला तर उत्तम. घरी करायचा तर ३० सेंटिमीटरची लाकडी पट्टी, मधोमध १५ वर दोऱ्याने टांगलेली, दोन टोकांना सारख्या अंतरावर कागदी कप. दोऱ्याचं भोक पट्टीच्या रुंदीच्या मध्यरेषेच्या किंचित वर पाडा. मध्यरेषेच्या खाली पाडलं तर पट्टी कोणत्याही एका बाजूला कोसळते आणि तिथेच राहते. फार वर पाडलं तर ती सुस्त होते, दीड-दोन ग्रॅमचा फरक नजरेला दिसतच नाही.

रिकामी पारडी सरळ राहत नसतील तर वर गेलेल्या पारड्याला चिकणमातीचा पासंग लावा. पण पासंगाने सगळंच दुरुस्त होत नाही. दोन्ही भुजा असमान असतील, समजा एक १५ सेंटिमीटर आणि दुसरी १४.८, तर पासंग लावून रिकामा तराजू सरळ दिसेल, भरल्यावर मात्र खोटं बोलेल. प्रत्येक पारड्यात ४० ग्रॅम ठेवले तर दांडी सरळ करायला आखूड बाजूला साधारण अर्धा ग्रॅम जास्त लागेल. ३ ग्रॅमच्या फरकापुढे हे खपून जातं, एक-दीड ग्रॅमच्या फरकाचं खोटं नाणं घेतलं तर नाही. तपासणी सोपी आहे: चार-चार खरी नाणी ठेवा, कल पाहा, मग पारड्यांतला माल अदलाबदल करून पुन्हा पाहा. दोन्ही वेळा एकच बाजू खाली जात असेल तर दोष नाण्यांचा नाही, तराजूचा. भुजेवरचा दोरा सरकवा.

‘सरळ’ म्हणजे काय तेही आधी ठरवा. पट्टीच्या मागे पुठ्ठा उभा करून त्यावर आडवी रेघ ओढा, आणि दांडीचं हलणं थांबल्याशिवाय निकाल लिहू देऊ नका. घाईत वाचलेला ‘ब’ हा सगळ्यात जास्त वेळा चुकतो.

एक वेगळं सांगायचं राहिलं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणून हे कोडं करू नका, ते कोडंच बदलतं. काटा ग्रॅमचा आकडा सांगतो, तीन उत्तरांपुरतं बोलत नाही. त्याच्यासाठी दहा पिशव्यांचं कोडं आहे: एका पिशवीतली सगळी नाणी १ ग्रॅमने हलकी. पहिलीतून १ नाणं, दुसरीतून २, अशी दहावीतून १० घ्यायची. ५५ नाणी एकदाच तोलली की जितके ग्रॅम कमी, तितव्या क्रमांकाची पिशवी.

चौकोनी_वही

शक्यतांची वाटणी आता स्पष्ट झाली, २-२-४ मध्येच सगळं होतं. ‘बाजूला_बरोबर’ यांच्या यादीबद्दल एक विचारायचं आहे. २४ शब्द वापरले गेले, तीन उरले: ‘ब ब ब’, ‘ड ड ड’, ‘उ उ उ’. पहिला आला तर खोटं नाणंच नाही हे कळतं. वर्गात निकाल ‘ड ड ड’ आला तर मुलांना काय सांगायचं?

बाजूला_बरोबर

तिन्ही वेळा डावीकडेच राहिलेलं नाणं यादीत नाही, आणि तिन्ही वेळा उजवीकडे राहिलेलंही नाही. त्यामुळे एकच खोटं नाणं असेल तर ‘ड ड ड’ येऊच शकत नाही. आला म्हणजे कुठेतरी वाचण्यात किंवा मांडण्यात चूक आहे, सगळं पुन्हा तोला.

आधी संशय डावीकडे ओढणाऱ्या तराजूवर घ्या, म्हणजे खरा ‘ब’ असताना तो ‘ड’ वाचला गेला. एकाच जागी तसं झालं असेल तर तीनच नाणी संशयित उरतात. तिसऱ्या जागी चूक असेल तर खरा शब्द ‘ड ड ब’, म्हणजे १० जड. दुसऱ्या जागी असेल तर ‘ड ब ड’, १ जड. पहिल्या जागी असेल तर ‘ब ड ड’, तो उलटवला की ‘ब उ उ’, म्हणजे ६ हलकं. या तिघांना आलटून-पालटून खऱ्या नाण्यासमोर तोलून पाहा, आणि पारडी बदलूनही पाहा.

मात्र चूक झाली की ‘ड ड ड’ येईलच असं नाही. २७ पैकी २४ शब्दांना अर्थ आहे, त्यामुळे बहुतेक चुका गुपचूप दुसऱ्याच एखाद्या नाण्याकडे बोट दाखवतात. ‘ड ब ब’ च्या जागी ‘ड ब उ’ वाचलं तर २ सोडून ३ पकडलं जातं आणि कुणालाही काही वावगं वाटत नाही. म्हणून उत्तर जाहीर झालं की पेटी उघडण्याआधी सांगितलेलं नाणं एका खऱ्या नाण्यासमोर ठेवून चौथ्यांदा तोला. हे तोलणं कोड्याच्या मोजणीत धरायचं नाही, ते तराजू तपासण्यासाठी आहे. दांडी सरळ राहिली तर नावांची यादी आणि तिन्ही निकाल फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, कोणत्या तोलण्यात कोणती पेटी चुकीच्या पारड्यात गेली ते मुलंच शोधून काढतील.